नागपूर–मुंबई हवाई रेषेखालचा बुलढाणा जिल्हा

नागपूर आणि मुंबई येथील विमानतळांना जोडणारी सर्वांत कमी अंतराची रेषा नकाशावर आखली, तर ती मेहकर-चिखलीच्या परिसरावरून जाते. तथापि बुलढाणा जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नसल्यामुळे येथील माणसाला विमान गाठण्यासाठी आधी जिल्ह्याची हद्द ओलांडावी लागते.

या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे 680 किलोमीटर आहे. हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून मोजलेले लघुतम अंतर असून, या मार्गाला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात. थोड्या अंतरावर तो सरळ भासतो, परंतु मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांमधील सुमारे 13,500 किलोमीटरचा लघुतम मार्ग आर्क्टिक प्रदेशातून जातो, याची कल्पना सपाट नकाशा पाहून येत नाही.

जेट विमान उंचावर ताशी 800 ते 900 किलोमीटर वेगाने उडते, त्यामुळे नागपूरहून मुंबईला पोहोचण्यास तासाहून कमी वेळ पुरावा. प्रत्यक्षात वेळापत्रकात सुमारे दीड तास दिलेला असतो, कारण विमान आपल्या थांब्यावरून हलल्यापासून दुसऱ्या थांब्यावर उभे राहीपर्यंतचा सारा काळ त्यात धरलेला असतो. त्यातच मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने एका वेळी एकच वापरता येते आणि उतरण्यासाठी आकाशात ताटकळावे लागते.

लांबच्या प्रवासात वाऱ्याचा प्रभाव निर्णायक ठरतो. साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान हवेच्या पट्ट्याला जेट प्रवाह म्हणतात. मुंबई–लंडन अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे. ताशी 900 किलोमीटर वेगाच्या विमानाला 100 किलोमीटर वेगाचा वारा वाटभर समोरून आला तर 9 तास लागतील, आणि परतताना तोच पाठीशी असेल तर सव्वासात तासांच्या आत प्रवास होईल. बंद हवाई हद्दही अंतर वाढवते: एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपली हद्द भारतीय विमानांना बंद केल्यावर दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा घ्यावा लागला.

बुलढाण्याच्या प्रवाशाला मात्र सर्वाधिक वेळ जमिनीवरच द्यावा लागतो. छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ बुलढाणा शहरापासून रस्त्याने जवळपास दीडशे किलोमीटर दूर आहे, तर तेथून दिल्लीचे 980 किलोमीटर अंतर विमान सुमारे दोन तासांत कापते. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 5 जून 2025 रोजी पूर्ण खुला झाल्यापासून मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या घाटावरच्या तालुक्यांतून मुंबईला जाण्यासाठी विमानाने फारसा वेळ वाचत नाही. घाटाखालच्या शेगाव, नांदुरा, मलकापूरची स्थिती वेगळी आहे. अमरावतीचा बेलोरा विमानतळ 16 एप्रिल 2025 रोजी सुरू झाला असला, तरी शेगावला त्याहून कितीतरी जवळ असलेल्या अकोल्याच्या शिवणी विमानतळावरून नियमित प्रवासी सेवा नाही. तेथील धावपट्टी वाढवून ही सेवा सुरू करणे, हीच या तालुक्यांची खरी गरज आहे.