बरगडीखालचं दुखणं: सगळंच गॅस नसतं

विदर्भात कारंजा तालुक्यातल्या कामरगावसारख्या गावात बरगडीखाली महिनोन्‌महिने बारीक दुखत राहिलं, की बहुतेकजण त्याला गॅस म्हणतात आणि ॲसिडिटीची गोळी घेतात. पण पाठीवर फवारणीचा पंप, सोयाबीनची पोती आणि निंदणात तासन्‌तास वाकणं, या सगळ्याचा ताण बरगड्यांच्या स्नायूंवर आणि कूर्चांवरच येतो. आठवी, नववी, दहावी बरगडी छातीच्या हाडाला थेट जोडलेली नसते. त्यामुळे ती थोडी सरकली, की तिथली नस दुखावते. कार्नेट या सर्जनने 1926 मध्ये सांगितलेली तपासणी आजही उपयोगी आहे. उताणं झोपून दुखऱ्या जागी बोट दाबायचं आणि डोकं उचलून पोट ताठ करायचं. दुखणं तेवढंच राहिलं किंवा वाढलं, तर मूळ बहुधा पोटाच्या भिंतीत असतं. कमी झालं, तर आतल्या अवयवाकडे बघावं.

मग थेट सोनोग्राफीच का नको? कारण पित्ताशयात मुके, म्हणजे त्रास न देणारे खडेही दिसतात आणि दोष त्यांच्यावर जातो. सरकलेली बरगडी मात्र साध्या सोनोग्राफीत सहसा सापडत नाही. तरी तळलेलं खाल्ल्यावर उजवीकडे दुखत असेल, तर सोनोग्राफी करावीच. डावीकडे जडपणा असेल, तर प्लीहा वाढल्याची शंका घ्यावी. विदर्भात सिकलसेलचा आजार आहे, हे विसरू नये. अंगदुखीच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांत जठराचा व्रण संभवतो. कावीळ, ताप, काळं शौच, घटतं वजन असेल तर लगेच डॉक्टर गाठावा. चालताना दुखून घाम, धाप आली, तर तातडीने ईसीजी काढावा.