सहलीचा हिशेब : घाम कोणाचा, नफा कोणाचा?

माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना बंदी आहे. बराचसा माल घोड्यावर, हातगाडीवर नाहीतर हमालाच्या पाठीवर वर जातो. म्हणून तिथला चहा-वडापाव महाग; त्या जादा पैशात कष्टकऱ्याचा घाम आहे.

पण आम्ही सहलीला निघालो तेव्हा पायथ्याच्या एका दुकानदारानेही पाण्याच्या बाटलीवर छापील किमतीहून पाच रुपये जास्त मागितले, "कूलिंगचे"! २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार दुकानदाराला असे घेता येत नाही. बसून खाण्याच्या हॉटेलांना मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली मोकळीक दिली आहे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, घासाघीस हमालाशी नको. दुकानदाराला छापील किंमत दाखवा, पावती मागा. ऐकले नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.