बिबटेक्

बिबटेक् ही लाटेक् प्रणालीत लिहिलेल्या लेखांसाठी व प्रबंधांसाठी संदर्भसूची तयार करणारी संगणकीय आज्ञावली आहे. संदर्भग्रंथांची माहिती एका स्वतंत्र फाइलीत साठवावी आणि ती छापण्याची पद्धत दुसऱ्या फाइलीने ठरवावी, हे तिचे मुख्य तत्त्व होय. त्यामुळे एकदा नोंदवलेला ग्रंथ अनेक लेखांत उद्धृत करता येतो आणि सूचीची मांडणी बदलली तरी मूळ नोंदी पुन्हा लिहाव्या लागत नाहीत.

इतिहास

डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक् या अक्षरजुळणी प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लाटेक् उभारले. लॅम्पोर्ट यांच्या सहकार्याने ओरेन पटाश्निक यांनी १९८५ मध्ये बिबटेक् तयार केले. नोंदींचा आराखडा ब्रायन रीड यांच्या ‘स्क्राइब’ या आधीच्या प्रणालीवर आधारलेला होता.

नोंदींची रचना

संदर्भफाइलीच्या नावाला ‘बिब’ हा प्रत्यय असतो. प्रत्येक नोंद ‘@’ या चिन्हाने सुरू होते. त्यापुढे पुस्तक, नियतकालिकातील लेख, परिषदेतील निबंध, प्रबंध असा प्रकार येतो आणि नंतर महिरपी कंसात नोंदीचे ओळखनाव व माहितीचे रकाने येतात. उदाहरणार्थ, ‘द टेक्‌बुक’ या पुस्तकाच्या नोंदीत लेखक डोनाल्ड क्नूथ, प्रकाशक ॲडिसन-वेस्ली आणि वर्ष १९८४ असे रकाने भरले जातात. लेखात संदर्भ द्यायचा तेथे केवळ ओळखनाव लिहायचे असते; म्हणून एकच ओळखनाव दोन नोंदींना देता येत नाही.

कार्यपद्धती

लाटेक् प्रथम चालवल्यावर लेखात आलेली ओळखनावे एका साहाय्यक फाइलीत उतरतात. बिबटेक् ती वाचून संदर्भफाइलीतून तेवढ्याच नोंदी उचलते आणि सूची तयार करते. त्यानंतर लाटेक् आणखी दोनदा चालवावे लागते: पहिल्या वेळी सूची लेखाला जोडली जाते व दुसऱ्या वेळी मजकुरातील क्रमांक जुळतात. ओळखनाव चुकल्यास क्रमांकाच्या जागी प्रश्नचिन्ह छापले जाते.

शैली

सूचीची मांडणी शैलीफाइल ठरवते. ‘प्लेन’ शैलीत सूची लेखकांच्या आडनावांनुसार लागते, तर ‘अनसॉर्ट’ शैलीत ती लेखातील उल्लेखांच्या क्रमाने लागते. ‘अल्फा’ शैली क्रमांकाऐवजी नाव व वर्ष यांपासून खूण बनवते. ‘ॲब्रव्ह’ शैली लेखकाच्या नावाचे केवळ आद्याक्षर ठेवते.

नोंदींची अचूकता

माहिती खरी आहे की नाही, हे बिबटेक् तपासत नाही. नोंदीतील चुकीचे वर्ष ती फाइल वापरणाऱ्या प्रत्येक लेखात उतरते. जॅबरेफसारख्या साधनांनी फाइल हाताळणे सोपे होते. तरीही नोंद मूळ ग्रंथाशी ताडून पाहणे आवश्यक असते.

लेखकाच्या रकान्यात विशेष काळजी घ्यावी लागते. स्वल्पविराम नसल्यास शेवटचा शब्द सामान्यतः आडनाव मानला जातो. अनेक लेखकांची नावे स्वल्पविरामाने नव्हे, तर ‘अँड’ या इंग्रजी शब्दाने वेगळी केली जातात. त्यामुळे महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे नाव मराठीत लिहिल्यास ‘मंडळ’ हे आडनाव ठरते. ते इंग्रजीत लिहिल्यास त्यातील ‘अँड’मुळे एका संस्थेचे दोन लेखक होतात. संस्थेचे नाव आणखी एका महिरपी कंसात घातल्यास दोन्ही दोष टळतात. ‘प्लेन’सारख्या शैली लेखांच्या इंग्रजी शीर्षकांतील मोठी अक्षरे लहान करतात, विशेषनामांनाही असाच कंस द्यावा लागतो.

देवनागरी आणि पुढील साधने

मूळ बिबटेक् एका बाइटला एक अक्षर समजते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. त्यामुळे आद्याक्षर काढताना चिन्हाचा तुकडा पडून सूचीत निरर्थक खूण उमटू शकते. वर्णक्रमाचीही अडचण येते. युनिकोडमध्ये ‘ळ’ हे ‘ल’नंतर लगेच येते, तर मराठी वर्णमालेत ते ‘ह’नंतर येते. परिणामी ‘काशीद’ हे आडनाव ‘काळे’च्या आधी येण्याऐवजी नंतर लागते.

बिबलाटेक् हा संच व त्याच्यासोबत वापरली जाणारी बायबर ही आज्ञावली युनिकोड ओळखतात आणि भाषेनुसार क्रम लावण्याची सोय देतात. जुन्या संदर्भफाइली त्यांत बहुतांशी तशाच वापरता येतात. देवनागरी मजकुरासाठी ही जोडी झीलाटेक् किंवा लुआलाटेक् यांच्यासह वापरली जाते.