पडलो, आता पुढे काय? मोह, लाज आणि घाटातली कॅच सायडिंग

एपिसोड ज्यांनी ऐकलाय त्यांना यात नवीन काही नाही. ज्यांना लोकलच्या गर्दीत इअरफोन लावता येत नाही, किंवा जे घरी सगळे झोपल्यावर गुपचूप वाचतात, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना माझं 'ॲक्च्युअली' फार होतं, तेवढं काढलंय. बाकी जसं बोललो तसंच.

मागच्या वेळी एका मुलाची व्हॉइस नोट आली होती. नाव सांगत नाही. तो म्हणाला, "दादा, तेच पाप मी परत परत करतो. चार वेळा देवाची क्षमा मागितली, पाचव्यांदा मागायची लाज वाटते. देव पण कंटाळला असेल ना?" पाप कुठलं ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. पण ती नोट ऐकून मी दोन मिनिटं गप्प बसलो. कारण २०२४ मध्ये मी हेच वाक्य स्वतःशी बोलत होतो.

तर आधी माझं सांगतो, मग शास्त्राकडे जाऊ.

मी कर्जतला राहतो, ऑफिस मुंबईला. आठवड्यातून तीन दिवस जाऊन येऊन चार-साडेचार तास लोकलमध्ये जातात. त्या आयपीएलच्या सीझनला मी मोबाइलवर टीम लावायला लागलो. सुरुवात एकोणपन्नास रुपयांपासून. ऑफिसातले सगळेच लावायचे, त्यामुळे ते पाप वगैरे वाटलंच नाही. एकदा बाराशे जिंकलो आणि तिथेच फसलो. मार्च संपेपर्यंत पगारातले वीसेक हजार गेले होते. आमच्या युथ कॅम्पचे जमा झालेले पैसे तेव्हा माझ्या खात्यात होते, कारण हिशेब माझ्याकडे. त्यातले साडेअकरा हजार मी काढले. 'उद्या परत टाकू' म्हणून. उद्या काही आला नाही.

कॅम्पच्या आधी एका लोन ॲपवरून पैसे उचलले आणि भरून टाकले. कॅम्प झाला, मजा झाली, कुणाचा एक रुपया बुडाला नाही. मी तिथे गिटार वाजवली. शेवटच्या रात्री मुलं रडत प्रार्थना करत होती आणि मी कॉर्ड्स बघत होतो, कारण वर बघायची हिंमत नव्हती.

त्यानंतर मी उपासनेला जाणं कमी केलं. 'ऑफिसचं डिप्लॉयमेंट आहे' हे कारण कुणी तपासत नाही. मंडळी, पाप केल्यावर माणूस देवापासून लांब जातो असं आपण म्हणतो. माझ्या बाबतीत खरं लांब नेलं ते लाजेने. पैसे तर दोन महिन्यांत भरून झाले असते.

आता एक शब्द समजून घेऊ. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण मराठीत 'परीक्षा' म्हणतो. मूळ ग्रीकमध्ये कसोटी आणि मोह या दोन्हींसाठी एकच शब्द आहे. म्हणजे मोह झाला हेच पाप नाही. स्वतः येशूला मोह झाला. चाळीस दिवसांचा उपास झाल्यावर, भूक लागलेली असताना सैतान आला आणि पहिली गोष्ट भाकरीची काढली. जिथे कमकुवत बाजू, तिथेच धक्का. आणि लूकच्या शुभवर्तमानात पुढे एक बारीक गोष्ट आहे जी आपण वाचून सोडून देतो: सैतान कायमचा गेला नाही, योग्य संधी येईपर्यंत गेला. 'एकदा मनापासून प्रार्थना केली की मोह परत येणार नाही' असं कुणी सांगितलं असेल तर ते शास्त्रात नाही. मला सांगितलं होतं. म्हणून मोह परत आला की मला वाटायचं, माझी प्रार्थनाच खोटी होती.

याकोबाच्या पत्रात पापाची सगळी प्रोसेस दिली आहे, अगदी पाइपलाइनसारखी. आधी स्वतःची वासना ओढते, ती गर्भवती होते, पाप जन्मतं, पाप वाढलं की मरण. म्हणजे सगळा खेळ आधीच्या टप्प्यांवर. दावीद राजाचं बघा. बथशेबाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण ती सुरू कुठे होते? राजे लढाईला जायच्या दिवसांत दावीद यरुशलेमेतच राहिला. संध्याकाळी पलंगावरून उठला आणि गच्चीवर फेऱ्या मारायला लागला. काम नाही, सोबत कुणी नाही, संध्याकाळची वेळ. आजच्या काळात असता तर हातात फोन असता, एवढाच फरक.

त्याच्या उलट योसेफ. पोटीफरची बायको त्याला एकदा नाही, रोज विचारत होती. तो नुसता 'नाही' म्हणाला नाही, तिच्या आसपास राहायचंच टाळलं. शेवटी अंगावरचं वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला. आणि बक्षीस काय मिळालं? तुरुंग. हे मी मुद्दाम सांगतोय. मोहाला नाही म्हटलं की लगेच आशीर्वाद, प्रमोशन, लग्न असं काही होत नाही. कधीकधी नुकसानच होतं.

आता त्या व्हॉइस नोटवाल्या मित्राकडे येतो. त्याचा प्रश्न पडण्याआधीचा नाही, पडल्यानंतरचा आहे. आणि इथे शास्त्रातली मला सगळ्यात जास्त हलवणारी जोडी आहे: पेत्र आणि यहूदा.

दोघे एकाच रात्री पडले. एकाने धरून दिलं, एकाने तीन वेळा ओळख नाकारली. वाईट दोघांनाही वाटलं. यहूदाने तर चांदीची तीस नाणी परतसुद्धा केली, चूक तोंडाने कबूल केली. मग फरक कुठे? मला दिसतो तो असा. यहूदा कबुली द्यायला गेला ते याजकांकडे, ज्यांनी त्याला पैसे दिले होते. ते म्हणाले, आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघ. तिथून तो एकटाच निघाला आणि एकटाच संपला. पेत्र बाहेर जाऊन रडला, पण तिसऱ्या दिवशी तो बाकीच्या शिष्यांमध्ये सापडतो. तोंड कसं दाखवलं असेल, काय बोलला असेल, काही लिहिलेलं नाही. पण तो तिथे होता. पुढे मासे धरायला गेला तेव्हाही सहा जण सोबत होते.

आणि किनाऱ्यावर येशू कोळशाचा विस्तव पेटवून बसलेला. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदाच येतो. एकदा प्रमुख याजकाच्या अंगणात, जिथे शेकता शेकता पेत्राने नाकारलं, आणि एकदा इथे. तीन वेळा नाकारलं होतं, तीन वेळा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का. येशूने ती जखम झाकून ठेवली नाही, तशाच विस्तवाजवळ बसवून उघडली. पण आधी नाश्ता दिला. ही ऑर्डर लक्षात ठेवा. अजून एक: पेत्र पडण्याआधीच येशूने त्याला सांगितलं होतं की मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे, आणि परत फिरलास की भावांना स्थिर कर. म्हणजे पतन माहीत होतं आणि नंतरचं कामही ठरलेलं होतं. मग देव कंटाळला असेल का? मला नाही वाटत.

तुम्ही म्हणाल, हे बायबलमधले लोक. आपल्या मातीतलं सांग. मग पंडिता रमाबाई घ्या. १८८३ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. विधवांसाठी काम, देशभर नाव. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, या बाईंचं आत्मिक जीवन एकदम सेट. आणि १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या काय सांगतात? बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी त्यांना कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडलेला नाही. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं पुस्तक वाचताना त्यांच्या हे लक्षात आलं. हॅस्लम स्वतः पाळक असून त्याचं खरं परिवर्तन पुलपिटवर प्रवचन करताना झालं होतं!

मला यातलं धाडस आवडतं. ज्यांच्यावर आधीच चारी बाजूंनी टीका चालू होती, त्या बाईंनी छापून सांगितलं की आठ वर्षं माझं आतून रिकामं होतं. मी साडेअकरा हजारांचं चार लोकांना सांगू शकत नव्हतो. पुढे १८९० च्या दशकात त्या आपल्या घाटाच्या वर, लोणावळ्याला, कॅम्प मीटिंगला येऊ लागल्या. एका वर्षी सोबत विश्वासात आलेल्या पंधरा मुली होत्या. सकाळी रानात एकटं जाऊन त्यांनी देवाकडे पंधराचा वर्ग मागितला, दोनशे पंचवीस. इंजिनिअर म्हणून मला ही प्रार्थना भारी आवडते. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला, त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. आठ वर्षांची पोकळी कबूल केलेल्या माणसाकडून हे झालं.

बरं, माझं पुढे काय झालं.

जुलैमध्ये, धो धो पावसात, मंडळीतल्या एका काकांकडे गेलो. ते रेल्वेतून रिटायर झालेत, घाटात बँकर इंजिनं चालवायचे. म्हटलं, "काका, एक बोलायचंय." ते म्हणाले, "बस, चहा टाकायला सांगतो." चहा येईपर्यंत सगळं सांगून झालं होतं. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पैसे भरलेस, बरं केलंस. खोटं अजून भरायचं राहिलंय." मी म्हटलं, "कुणाचं नुकसान तर झालं नाही ना?" म्हणाले, "मग झोप का लागत नाही तुला?"

मग त्यांनी घाटाचं सांगितलं. आपण रोज बघतो, पण मला नीट माहीत नव्हतं. कर्जतहून लोणावळ्याला चढताना दर ३७ मीटरला एक मीटर चढ आहे. गाडीचं पुढचं इंजिन कितीही दमदार असो, बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर लागतात. त्या गाड्या म्हणत नाहीत की मी एकटी चढेन. आणि उतरताना अजून कडक नियम. वाटेत कॅच सायडिंग आहेत, चढावर जाणारे रूळ. पॉइंट आधीपासून सायडिंगकडेच लावलेला असतो. गाडीने तिथे थांबून दाखवायचं, ब्रेक लागतात हे कळलं की मगच मेन लाइन मिळते. ब्रेक फेल असेल तर गाडी आपोआप सायडिंगवर चढते आणि थांबते. काका म्हणाले, "ड्रायव्हरवर विश्वास नाही म्हणून नाही रे. उतार आहे म्हणून."

हे वाक्य मी घरी येऊन डायरीत लिहिलं. मी इतके दिवस विल पॉवर वाढवत होतो. पॉइंट मात्र मेन लाइनला लावून ठेवला होता.

नंतर मी ऑफिसात बग आला की करतो तसं केलं, लॉग काढले. बँक स्टेटमेंट आणि वेळा. जवळजवळ सगळे व्यवहार रात्रीच्या परतीच्या लोकलमधले, बदलापूरनंतर डबा रिकामा झाल्यावर. दिवसभर शिव्या खाऊन दमलेला मी, बसायला जागा, हातात फोन. दाविदाची गच्ची ती हीच. मग बदल तिथेच केले. पगार ज्या खात्यात येतो त्याचं यूपीआय फोनवरून काढलं. बदलापूर आलं की एका मित्राला फोन करतो, वांगणीपर्यंत तरी बोलतो. त्याला कारण माहीत आहे. कॅम्पचा हिशेब आता एक ताई आणि अजून एक जण मिळून बघतात.

युथच्या लीडर्सना सांगितलं तो दिवस वाईट होता. एक जण अजून माझ्याशी मोकळा बोलत नाही. त्याचं बरोबर आहे. सहा महिने मी गिटार घेऊन पुढे उभा राहिलो नाही, मागच्या बाकावर बसून गायलो. क्षमा लगेच मिळते, भरवसा हप्त्याने मिळतो.

एक सावधगिरी. कबुली द्यायची म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही. यहूदा आठवा, कुणाकडे जातो हे महत्त्वाचं. जो तुमच्यासाठी प्रार्थना करेल, तोंड बंद ठेवेल आणि खोटं चालवून घेणार नाही, असा एक माणूस शोधा. आणि कर्ज, व्यसन किंवा जीव नकोसा वाटणं इथपर्यंत गेलं असेल तर प्रार्थनेसोबत डॉक्टर किंवा समुपदेशकही हवा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं. तिथे फोन करणं म्हणजे विश्वास कमी पडला असं नाही. लूक स्वतः वैद्य होता.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा केला. मला वाटलं, सुटलो. पंधरा दिवसांत कुणीतरी टेलिग्रामची लिंक पाठवली. मी ती उघडली नाही, पण डिलीट करायला मला संध्याकाळ लागली. हे पण सांगितलंच पाहिजे. त्या संध्याकाळी काकांना फोन केला. ते म्हणाले, "ये, भाकरी खाऊन जा."

तर व्हॉइस नोटवाल्या मित्रा, पाचव्यांदा माग. आणि या वेळी एकट्याने मागू नकोस. कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर कुठेही असशील तर मेसेज कर, मी स्टेशनवर येतो. वडापाव माझ्याकडून.