पहिली जुनी अमेरिकी मोटार : इंजिनाआधी तळ पाहावा

1959च्या अखेरीस डेट्रॉईटच्या तीन बड्या कंपन्यांनी एकाच हंगामात लहान मोटारी बाजारात आणल्या : फोर्डची फाल्कन, शेव्हरोलेची कॉर्व्हेअर आणि क्रायस्लरची व्हॅलियंट. फोक्सवॅगनसारख्या परदेशी गाड्यांकडे वळलेल्या ग्राहकाला परत आणण्याचा तो प्रयत्न होता. ‘कॉम्पॅक्ट’ हे विशेषण अर्थात अमेरिकी मापाचे; फाल्कनची लांबी सुमारे 4.6 मीटर होती. साध्या रचनेमुळे या गाड्या आजही तिथल्या नवख्या हौशी दुरुस्तीकारांना खुणावतात. मात्र निवड चुकली, तर सुटे केलेले भाग वर्षानुवर्षे गॅरेजमध्ये पडून राहतात.

पहिली कसोटी इंजिनाची नव्हे, पत्र्याची. या तिन्ही गाड्यांना वेगळी चासी नाही; सांगाडा आणि तळ एकसंध असून सारा भार तेच पेलतात. बिघडलेले इंजिन बाहेर काढून दुरुस्त करता येते. कुजलेला तळ मात्र कापून, मापे राखून, नव्याने वेल्ड करावा लागतो. व्हॅलियंट आणि तिची भगिनी डॉज डार्ट यांच्या पुढील चाकांचा भार टॉर्शन बार या पोलादी दांड्या पेलतात. त्यांची मागील टोके ज्या आडव्या तुळईत बसवलेली असतात, ती गंजलेली असेल तर नवख्याने ती गाडी सोडून द्यावी.

दुसरी कसोटी सुट्या भागांची. 1964मध्ये आलेली मस्टँग फाल्कनच्याच पायावर उभी राहिली. तिच्या लोकप्रियतेमुळे दोहोंना चालणारे अनेक भाग आजही नव्याने बनतात. व्हॅलियंट-डार्टचे 30 अंशांत कललेले सहा सिलिंडरचे इंजिन टिकाऊपणासाठी नावाजलेले आहे. झडपांमधील फट मोजून जुळवणे हा त्यावरचा उत्तम पहिला धडा. कॉर्व्हेअरचे इंजिन मागे असून ते हवेने थंड होते. ती गाडी मोहक खरी, परंतु तिच्यावर शिकलेले इतर अमेरिकी गाड्यांवर फारसे उपयोगी पडत नाही. म्हणून ती दुसऱ्या खेपेला घ्यावी.

तिसरी कसोटी ब्रेकची. 1967पूर्वीच्या बहुतेक अमेरिकी गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकला तेल पुरवणारा मार्ग एकच असे. एक नळी फुटली, की पायाखालचा ब्रेक निकामी. त्यामुळे रंगकामाआधी ब्रेकच्या नळ्या आणि मास्टर सिलिंडर यांवर खर्च करावा. दुहेरी मार्गाचा सिलिंडर बसवणे अधिक श्रेयस्कर.

किमतीचा विचार करता चार दारांची, सहा सिलिंडरची सेडान सहसा दोन दारांच्या गाडीहून स्वस्त मिळते. यांत्रिक काम शिकण्यासाठी तिच्यात काहीच उणे नसते. ॲरिझोनासारख्या कोरड्या प्रदेशातील, रंग उडालेली पण चालती गाडी, हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या मिशिगनमधील चकचकीत गाडीपेक्षा बरी. चकाकीखालचा गंज विकत घेण्यापेक्षा उघडा पडलेला खरा पत्रा घेणे केव्हाही शहाणपणाचे.