प्रोसेसर बदलला, संगणक अडला

एएमडी रायझेन मालिकेतील जुना प्रोसेसर काढून नवा बसवला, की अनेक संगणक विंडोज सुरू होण्यापूर्वीच काळ्या पडद्यावर थांबतात आणि ‘वाय’ की ‘एन’, असे विचारतात. येथे घाईने ‘वाय’ दाबू नये.

डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिची किल्ली एफटीपीएम या सुरक्षाव्यवस्थेच्या ताब्यात असते आणि ती व्यवस्था प्रोसेसरशी बांधलेली असते. ‘वाय’ दाबताच जुनी नोंद पुसली जाते व विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ‘एन’ दाबल्यास नोंद टिकते. जुना प्रोसेसर परत बसवून संगणक पूर्ववत करता येतो.

‘आपण बिटलॉकर कधी लावलेच नाही’ हा भरवसा फसवा आहे. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला असेल, तर हे कुलूप बहुधा आपोआप लागते. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सुदैवाने किल्लीही त्याच खात्यात जतन होते आणि मोबाइलवरून पाहता येते. ती कागदावर उतरवून मगच स्क्रू ड्रायव्हर हाती घ्यावा. किल्लीच नसेल, तर डिस्कवरील छायाचित्रे आणि हिशेब मायक्रोसॉफ्टलाही परत मिळवून देता येत नाहीत.