न दिसणाऱ्या उष्णतेचे चित्र

भोसरी हे पूर्वी हवेली तालुक्यातील शेतीचे गाव होते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे या परिसराचे रूप पालटले. आज आसपासच्या शाळांतील कित्येक मुलांचे पालक तेथील कारखान्यांत कामास जातात. कारखान्यांतील विजेच्या फलकांची तपासणी उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने करतात. एखाद्या विद्यार्थ्याने याविषयी विचारल्यास शिक्षकांनी पुढीलप्रमाणे उलगडा करावा.

१८०० साली विल्यम हर्शल यांनी लोलकाच्या साहाय्याने सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडला आणि तांबड्या रंगापलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नव्हते तेथे, तापमापक ठेवला. तापमान वाढलेले आढळले. हेच अवरक्त किरण होत. प्रत्येक वस्तू, अगदी बर्फसुद्धा, हे किरण बाहेर टाकते; वस्तू जितकी अधिक तापते तितके ते वाढतात.

हा कॅमेरा सामान्यतः ८ ते १४ मायक्रॉन लांबीच्या लहरी टिपतो. साधी काच या लहरी अडवते. म्हणून त्याचे भिंग जर्मेनियमचे करतात. भिंगामागे अतिसूक्ष्म चौकटींची जाळी असते. किरण पडताच चौकट किंचित तापते, तिचा विद्युत्‌रोध बदलतो आणि त्यावरून पडद्यावर ठिपका उमटतो. चित्रातील तांबडा-निळा रंग यंत्राने दिलेला असतो. तो वस्तूचा नव्हे.

विजेचा जोड सैल झाला की तेथील रोध वाढतो, जोड तापतो आणि प्रसंगी आग लागते. डोळ्यांस सर्व जोड सारखेच दिसतात. कॅमेरा मात्र तापलेला जोड दुरूनच दाखवितो. तथापि, येथे एक फसगत संभवते. चकचकीत धातू फार थोडे किरण टाकतो; त्यामुळे तापलेली तांब्याची पट्टीही चित्रात थंड भासते. म्हणून जाणकार कामगार अशा भागावर आधीच काळी पट्टी चिकटवून ठेवतात.

हे वर्गात सहज दाखविता येते. पत्र्याचे दोन सारखे, चकचकीत डबे घ्यावेत. एकास बाहेरून काजळी लावावी. शिक्षकांनी स्वतः दोहोंत सारखेच गरम पाणी ओतावे व तापमापकाने खात्री करून द्यावी. मग मुलांनी डब्यांस न शिवता, सारख्या अंतरावर तळहात धरावेत. काळ्या डब्याची धग अधिक जाणवेल. मध्ये काच धरताच ती कमी होईल.

यंत्राने दाखविलेले चित्रही पारखून घ्यावे लागते, एवढे मुलांच्या मनावर ठसले तरी हा पाठ सार्थकी लागला. उद्या त्यांच्यापैकीच कोणी त्या फलकासमोर उभा राहणार आहे.